खोकं बोलस

दोंडाईच्यात, मिरची मार्केटच्या मागल्या गल्लीत
हिलाल मिस्तरींचं दुकान सापडायला सोपं.
आत शिरताना जो शिंकत नाही
तो इथला.

बाहेर पथारीवर लाल वाळवण,
आत रंध्याखालून निघणारी फिकट साल.
दोन्हींचा भुगा दुपारच्या एकाच तिरपीत तरंगतो
आणि स्पीकरच्या काळ्या कागदावर येऊन बसतो.
मी कुंचल्याने झाडते.
तारेची गुंडाळी माझी, लाकूड त्यांचं.
आयटीआयचं सर्टिफिकेट अजून पिशवीतच,
त्यांनी कधी मागितलं नाही.

या जोडीची फळी जिनिंगच्या दाराची.
जिनिंग बंद पडली, यंत्रं भंगारात गेली,
दार तेवढं मिस्तरींनी वजनावर घेतलं.
खिळ्यांची भोकं बुजवली
सरसात कालवलेल्या त्याच सागाच्या भुशाने.
अडसर घासून घासून एक चंद्रकोर पडली होती, बोटभर खोल.
मी ती भरायला घेतली तर म्हणाले,
"ऱ्हाऊ दे, तेनी खूण शे."

गिऱ्हाईक नाशिकचं. नकाशा आला मिलिमीटरमध्ये.
मिस्तरींनी चष्मा कपाळावर सरकवला,
कानावरची पेन्सिल काढली
आणि अख्खा नकाशा सुतात उतरवला.
चौदा इंच, तीन सूत.
नऊ इंच, सातला जरा कमी.
तो "जरा" कुठल्याच पट्टीवर नाही,
त्यांच्या अंगठ्याच्या नखात आहे.

पोटात कापूस भरायचा. नाहीतर आवाज
रिकाम्या कोठीतल्या उंदरासारखा धावत राहतो.
कापूस मी पिंजते, सुमनकाकूंच्या ओट्यावर,
सरकी बोटांनी वेचून.
गप्पा चालू असतात. असोत.

मग परीक्षा.
दुसरे लोक गाणी लावतात,
आमच्याकडे एकच कॅसेट, घासून पांढरी झालेली:
मिरचीचा लिलाव, कुठल्यातरी माघातला.
आडत्याचा चिरका घसा, पोतं आपटल्याचा धप्,
चपलांची फरफट, कुणाची तरी उधारी,
आणि सव्वाचार मिनिटांनी, उजवीकडे, लांब,
एक शिंक.
ती ऐकून ऐकणाऱ्याला शिंक आली
तर खोकं पास.

उजव्या खोक्याला कुरियरवाला शिंकला. दोनदा.
डाव्यात मात्र आडत्या खाली उतरला की
मागून बारीक टिर्र.
"खोकं बोलस," मिस्तरी म्हणाले, "पन खोटं बोलस."

स्क्रू आवळले. डाक पुन्हा लावला.
मी माझ्या गुंडाळीला दोष दिला, उसवली, नवी केली.
टिर्र.
त्यांनी टरबूज निवडावं तसं
चारी बाजूंनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.
तेवढ्यात लाइट गेली.
अंधारात आम्ही दोघं
न वाजणाऱ्या खोक्याकडे कान लावून बसलो,
आणि मला लाजेने घाम फुटला,
कारण मला एकदम आठवला ओटा, हसणं,
एक पेळू न चाचपता तसाच आत सारलेला.

सकाळी गरम फडक्याने सरस मऊ करून
मागची फळी उघडली. दोन दिवसांचं काम,
निघताना सुस्कारा टाकून निघालं.
तळाशी एक सरकी. एकच.
ते रागावले नाहीत. तळहातावर घेऊन
तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.
"चाळीस वरीस जिनिंगमा हाईच काढेत.
दारनी वळखं."
मग ती खिशात टाकली, पेन्सिलीच्या थोटकाशेजारी,
आणि सरस पुन्हा चुलीवर ठेवला.

जोडी गोधडीत गुंडाळून एसटीने गेली.
आठव्या दिवशी नाशिकहून फोन.
आवाज उत्तम, गिऱ्हाईक म्हणाला,
फक्त खोकी आल्यापासून
घरात सगळे सारखे शिंकताहेत.

मी मिस्तरींना सांगितलं.
रंधा थांबला.
"इचार तेले," ते म्हणाले,
"डावाले का जेवनाले?"