शेवटची किंमत

डॉनकास्टर, ऑक्टोबर. शटर अजून अर्धंच वर,
लिंडन माझ्या हातात लेबलांची गुंडाळी ठेवतो :
"केस्ट्रल आजपासून दोनशे एकोणपन्नास."
म्हणजे जुनं नखाने सोलायचं, नवं डकवायचं.
पुरतं सोललं जातच नाही.
तीनशे एकोणपन्नासच्या गोंदावर तीनशे एकोणीस,
त्यावर दोनशे ऐंशी,
खोक्याच्या कोपऱ्याला आता बोटाला लागेल एवढी जाडी.

केस्ट्रल म्हणजे आपली खरुची.
सासवडच्या माळावर पाहिलीय मी,
पंख फडफडवत एका जागी वाऱ्यावर थांबलेली.
ही थांबत नाही.

भाव पाडला की लोक येतील, हेड ऑफिसचं म्हणणं.
लोक येतात. खोकं उचलतात, वजन बघतात,
"नाताळपर्यंत आणखी पडेल" म्हणून ठेवून देतात.
महाग होतं तेव्हा महाग म्हणून नको,
आता स्वस्त, म्हणजे काहीतरी खोट असणार.
नोव्हेंबरात मी चुकून
दोन खोक्यांवर तीनशे एकोणीसचं लेबल लावलं.
तीच दोन गेली त्या शनिवारी.
लिंडनने हिशेब पाहिला, माझ्याकडे पाहिलं,
आणि चहा टाकायला आत गेला.

पहिल्या आठवड्यात घेतलेला एकजण
पावती घेऊन आला. वरचे शंभर मागेना.
"मला एकदा मूर्ख म्हणा," म्हणाला, "म्हणजे सुटलो."

टिल्डा मात्र दर शनिवारी.
अकरा वर्षांची. वहीत दोन रकाने :
आमचा भाव, तिची शिल्लक.
एक उतरतो, एक चढते.
"मार्चमध्ये भेटतील," म्हणते,
समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांचं गणित सोडवावं तशी.

फेब्रुवारीतच भेटले.
पत्र आलं : कारखाना बंद, नवे खेळ येणार नाहीत,
उरलेले नग नव्व्याण्णवला काढा.
खाली बारीक अक्षरात :
गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगा.

ती बिस्किटांच्या डब्यात नाणी घेऊन आली.
मी मोजायला लागले. दोनदा चुकले.
तिने काहीच विचारलं नव्हतं.
तिसऱ्यांदा मोजता मोजता सांगून टाकलं :
बाई गं, याच्यासाठी आता नवीन काही निघणार नाही.

"ठाऊक आहे," ती म्हणाली,
"म्हणून तर परवडतंय."

लिंडन पाठमोरा उभा, रॅक पुसत, पुसलेलाच.
पावती फाडून दिली. सवयीने नख
कोपऱ्याकडे गेलं. "लेबलं काढून देऊ?"

"राहू देत," म्हणाली. "सगळी."