कंई नथी

रावपुऱ्यात, हसमुखभाईंच्या मेडिकलमध्ये
अकरा वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे.
पोरं येतात. दोघं पुढे, तिसरा लांब थांबतो.
खोकल्याचं औषध मागतात, अगदी नावानिशी,
आणि त्यांच्यातला एकही खोकत नाही.
मी म्हणते, चिठ्ठी आण.
ती जातात. मी पुढच्या माणसाला
बीपीच्या गोळ्या कापून देते.
तिसऱ्याकडे मी कधी बघितलं नव्हतं.

परवा बघितलं.
समोर, मोबाइल कव्हरवाल्याच्या टपरीला टेकून
एक सायकल. मडगार्डला निळी तार,
मीच गुंडाळलेली, फार वाजतं म्हणून.
सायकलपाशी कोणी नव्हतं.

कैवल्यला ऑगस्टमध्ये तेरा पूर्ण झाली.
घरात मराठी बोलतो, बाहेर गुजराती,
आणि हल्ली काही झाकायचं असलं की
घरातही गुजराती.
डोळे लाल का रे? कंई नथी.
डब्यातले पन्नास? मने शी खबर.
धृमिलकडे इतका वेळ काय करत होतात? कंई नथी.
दोन शब्दांचं दार, आतून कडी.

तो आंघोळीला गेला की मी त्याचा शर्ट हुंगते.
घाम. बापाचा डिओ. सेवउसळीचा तिखट वास.
आणि त्याखाली गोडसर काहीतरी,
ते सिरप असेल,
नाहीतर नुसतं च्युइंगम.
याच नाकाने मी त्याची टाळू हुंगायचे,
तेल जिरलेली, कोमट.
तेव्हा त्याला कारण लागत नसे.

शैलेशला सांगितलं. म्हणाला, या वयात करतात पोरं,
आणि मध्येच थांबला,
कारण गव्हाच्या पिंपामागे दमणहून आणलेली बाटली आहे,
जिच्याबद्दल या दारूबंदीच्या राज्यात
आम्ही तिघंही बोलत नाही.
तिघंही, असं म्हणाले, तेव्हा त्याने मान वर केली.
रात्री आम्ही ती ट्यूबलाइटखाली धरली.
कमी झालीय का? आधी किती होती?
त्यालाच आठवेना.

काळा घोड्याजवळच्या पुलावर थांबायचो आम्ही,
तो पाच वर्षांचा असताना.
खाली विश्वामित्री, गढूळ.
लाकूड की मगर?
तो म्हणायचा मगर. मी म्हणायचे, लाकूड रे,
घाबरायचा म्हणून.
एकदा माझं लाकूड हळूच पाण्यात सरकलं.
किती हसला होता!
टाळ्या पिटत, रस्ताभर.

काल त्याचं दप्तर उघडलं.
कंपास, विज्ञानाची वही, चुरा झालेली बिस्किटं,
आणि एक झाकण.
नुसतं झाकण, पांढरं, कड तुटलेली.
अशी हजारो फिरवली असतील मी,
हातांनी बघताक्षणी ओळखायला हवं होतं.
हातांनी ओळखलं नाही,
किंवा ओळखलं आणि मला सांगितलं नाही.

मुठीत धरून त्याच्या गादीवर बसले, अंधारात.
झोपलास?
तो बोलला नाही. पण झोपलेल्या त्याचा श्वास
मला पाठ आहे, हा तो नव्हता.
दिवसभर वाक्यं जुळवली होती:
शाळा काय म्हणेल, पोलीस, तुझ्या बाबांची नोकरी.
तोंडाशी आली आणि सगळी
शेजारणीची वाटली.
म्हटलं, कवू, परवा का पळालास ते नाही विचारत.
पुन्हा त्या बाजूला आलास
तर समोर उभा नको राहूस.
आत ये. काउंटरच्या आत स्टूल आहे.

बराच वेळ पंखाच फिरत राहिला.
मग, भिंतीकडे तोंड करून,
मराठीत:
मला खोकला नाहीये, आई.

माहीत आहे, मी म्हटलं.
झाकण मुठीत घामेजलं होतं.