सुशीला

आईची नाईट असली की
आमच्या घरी सुशीला यायची.

असं मी दुसरीत, भर वर्गात सांगितलं
आणि चिद्रवार बाईंनी खडू खाली ठेवला.
दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यात
खोकल्याच्या गोळ्या घेता घेता
त्यांनी आईला हळूच विचारलं,
"सिस्टर, ही सुशीला कोण हो?"
आई इतकी हसली म्हणे
की कुणाच्या तरी दंडाला फुगवलेली बीपीची पट्टी
फुस्सकन सुटली.

जिंतूर तेव्हा संध्याकाळी सरकीसारखं वासायचं.
दादा जिनिंगवर काट्याला होते,
घरी यायचे ते भुवयांत, कानांत, मिशीत
पांढरे तंतू घेऊन,
पाच वाजताच म्हातारे झाल्यासारखे.
मला पाठवायचे हसीनाबीच्या भट्टीवर.
ती तापल्या वाळूतून मुरमुरे चाळायची
आणि मला पाहून म्हणायची,
"आज अम्मा की नैट है क्या, बेटी?"
दवाखान्यातला ड्युटीचा तक्ता
तिला माझ्या पिशवीवरून पाठ होता.
मापटं भरून वर एक मूठ. ती मूठ
घरी पोचायच्या आत संपायची.

डोंगराएवढे मुरमुरे
पाण्यात पडले की ओंजळभर व्हायचे.
मला रडू यायचं, पुरणार नाहीत म्हणून.
दादा म्हणायचे, "फुगवटा गेला, बस. माल तेवढाच हाय."
एक, दोन, तीन,
आणि चारच्या आत ते मूठ आवळायचे,
पाणी पाजलेला कापूस
हाताला जसा कळतो, तशी.
मग करडईचं तेल, मोहरी, मिरच्यांचा ठसका,
डाळव्याचं कूट,
आणि बऱ्याचदा नेमकी तेव्हाच लाईट जायची.
अंधारात पिवळं दिसत नाही,
पण हळदीचा वास येतो.

एक ताटली आईची, झाकून.

ती सकाळी यायची स्पिरिटच्या वासासकट,
पांढरी साडी न बदलता
न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून गारढोण सुशीला खायची.
बडबडायची. कुणाला जुळं झालं,
कोण सलाईन काढून पळालं.
कधी कधी बोलायचीच नाही.
तेव्हा दादा काही विचारायचे नाहीत,
अर्धं लिंबू आणून
तिच्या ताटलीवर पिळायचे
आणि सायकल काढायचे.
मला वाटायचं, लिंबू संपलेलं असतं
म्हणून बाकीच्या दिवशी पिळत नाहीत.

आई रिटायर झाली. सुशीला यायची थांबली.
माझ्या सासरी पोहे. तेही बरे असतात.

परवा पहाटे अडीचला
पुण्याच्या गाडीनं उतरले, दोन बॅगा,
एक फाईल. आधी फोन केला नव्हता.
आई जागीच होती,
चौतीस वर्षांच्या नाईटा
एकदम झोपत नाहीत.
दारातच विचारलं, "जेवलीस का?"
फाईलकडं पाहिलं. बॅग आत घेतली.
मग आतल्या खोलीला हाक,
"अहो, उठता का? सुशीला."

चिकनगुनियानंतर दादांची मूठ मिटत नाही.
मुरमुरेही पाकिटातले,
हसीनाबीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.
दादा स्टुलावर बसले, लुंगी सावरत,
आईनं पदर खोचला.
इतकी वर्षं खाल्ली तिनं, केली कधीच नव्हती.
"टाक. एक... दोन... आता! काढ, काढ की!"
"काढूलाले ना, ओरडू नका, लोक झोपलेत."
तिच्या बोटांमधून पांढरा लगदा
परातीत पडत राहिला.

दादांनी कढईत वाकून पाहिलं.
"पाणी राहिलं थोडं," म्हणाले.

"राहू द्या," आई म्हणाली
आणि लिंबू हुडकू लागली.