टाच बाहेर

मी पडले ती उभ्या उभ्याच.
देसूरचं रेल्वे गेट बंद,
मिरजेची मालगाडी अजून दिसेना,
सगळे इंजिनं बंद करून थांबलेले
आणि मी सायकलीसकट,
दोन्ही बूट पॅडलात अडकलेले,
सावकाश डावीकडे कलंडले.
इतकं सावकाश की मध्ये विचार करायला वेळ मिळाला:
आता पडणार.

ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवरनं एकजण उतरला.
पेट्ट बिद्दैतेन्री, त्यानं विचारलं.
नाही हो, काही नाही, मी म्हणाले.
रिकिबीतून काढावा तसा त्यानं माझा पाय
बुटातून काढला.
बूट पॅडलातच राहिला. एकटा, निवांत.

भरमाण्णा हुदलीकर उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासतो,
शिफ्ट सुटली की सायकली बघतो.
ऐकून हसला नाही.
पॅडल उलटं केलं, तीन नंबरची ॲलन की घातली,
कान जवळ नेला.
टक्. टक्. टक्.
"कुणी आवळलंय हे? पाय काय पळून जाणार होता?"
मीच आवळलं होतं. सुटेल म्हणून.
"हिकडं चार टक् सोडलं की तिकडं पन चार.
मोजायचं. अंदाज नाही.
आन् स्क्रू चारी, पॅडलला दोन तोंडं असतात, मॅडम."

मग अंगठ्यामागचं हाड चाचपलं बुटावरनंच,
खडूनं रेघ मारली.
"गुडघा आतून दुखतो?"
आतूनच.
"टाच तुमची आत वळते. जन्मापास्न असंल.
तिला सरळ करत बसू नका. क्लीट वळवू."
सत्तावीस वर्षं बँकेच्या काउंटरखाली होती ही टाच,
कुणी पाहिली नव्हती.
तांदळाच्या दाण्याएवढी क्लीट सरकली.

भिंतीला हात टेकून उभी केली मला.
हिडी, तो म्हणाला. खटकन बसलं.
बिडु. मी पाय वर ओढला.
"वर नाही! वर ओढलं की ते जास्तच धरतं.
टाच बाहेर."
मोजमाप मराठीत, हुकूम कानडीत.
हिडी. बिडु. हिडी. बिडु.
पन्नासदा. लेथवरचा पोरगा डबा खाता खाता बघत होता.

रात्री झोपेत टाच बाहेर फेकली असणार,
नवऱ्यानं नडगी चोळत दिवा लावला.

रविवारी परत देसूर. परत गेट बंद.
गेटापासून वीस हातांवरच पुटपुटले: बिडु.
टक्. उजवा सुटला, अलगद,
दुधावरची साय निघावी तसा.
आणि सायकल, जुन्या सवयीनं,
डावीकडे कलली.
बिडु, बिडु, मी ओरडले, चांगलं मोठ्यानं.

डावा पाय खडीवर टेकला तेव्हा
ट्रॅक्टरवाला नव्हता तिथं.
एक म्हैस होती, रवंथ थांबवून बघत.
गाडीला अजून अकरा मिनिटं होती.