दहा सेकंद

हीउमाच्या काठाला समुद्र गोठला, की त्याचा रस्ता होतो.
रस्त्याच्या तोंडाशी, पत्र्याच्या खोलीत
हेल्दुर म्हातारा रात्र राखतो.
त्याच्यासाठी मी सी भाषेत लिहिला एक चिमुकला प्रोग्रॅम :
दर पाव तासाला विचारायचं, आहेस का?
त्याने टाइप करायचं, ओलेन. म्हणजे, आहे.
एवढंच.

आधी साधं रीड लावलं होतं.
ते बसलं वाट पाहत, धोंड्यासारखं.
माणूस आत थिजून गेला असता
तरी ते तसंच बसलं असतं, मोठ्या श्रद्धेने.
म्हणून सिलेक्ट आणलं, त्याच्या पदरात दहा सेकंद घातले :
तेवढ्यात कुणी बोललं तर ऐक,
नाहीतर गावातला भोंगा वाजव.

हेल्दुरने पहिल्या उत्तराला नऊ सेकंद घेतले.
दुसऱ्या खेपेला त्याच्या वाट्याला आला एक.
रात्रभर शोधलं तेव्हा कळलं :
सिलेक्ट उरलासुरला वेळ त्याच डब्यात परत टाकतं
आणि डबा पुन्हा भरायचं मी विसरले होते.
हे मला ठाऊक असायला हवं होतं.
आईचा दुसरा फोन मी असाच घेते.

ती ओळ लूपच्या आत सरकवली.
आता दर खेपेला दहा, कोरे करकरीत.

फेब्रुवारीत, उणे एकवीस, पहाटे सव्वातीनला भोंगा.
काल्ये उलटसुलट बूट चढवून धावली,
मागून तिचा मुलगा, घसरगाडी ओढत,
मी, नाइटगाउनवर कोट.
हेल्दुर खुर्चीत. हातात कॉफी.
"लिहिलं की," म्हणाला.

आणि लिहिलं होतं खरंच, एका बोटाने,
चारही अक्षरं पडद्यावर ठसठशीत.
एंटर तेवढं राहिलं होतं.
एंटरवाचून टर्मिनल शब्द पुढे सोडत नाही,
अक्षरं उंबऱ्यावरच बसून राहतात
आणि आतल्याला वाटतं, बाहेर कुणी नाही.

काल्ये हसली, मग रडली,
मग त्याची उरलेली कॉफी पिऊन टाकली.
मी एंटर दाबलं.
भोंगा वाजवून प्रोग्रॅम केव्हाच संपला होता,
शब्द पडला शेलच्या हाती, आणि शेल म्हणालं,
ओलेन : असा हुकूम सापडत नाही.

हेल्दुरने चष्मा लावून वाचलं.
"हुकूम कुठे," म्हणाला, "नुसतं सांगत होतो."

सकाळी मी दहाचे वीस केले.
एंटरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.