दोनशे बारा, दोनशे तेरा

हेमलताचा कुकर शिटी देतो
ते माझ्या ओट्याशी ऐकू येतं.
तिच्याकडे जायचं तर मात्र स्कूटर काढावी लागते.
आमच्या फाटकातून डावीकडे (उजवीकडे दुभाजक),
पाथर्डी फाट्याला वळून परत,
मग तिचं फाटक, तिथल्या वहीत नाव, वेळ, कोणाकडे.
सव्वादोन किलोमीटर.
भिंतीची जाडी नऊ इंच.

मी ट्रेसर होते, नगररचनेत, अठ्ठावीस वर्षं.
हा ले-आउट माझ्याच हातून उतरलाय.
तेव्हा इथे द्राक्षं होती.
पुंजाबा गांगुर्डे दोनशे बाराचे प्लॉट पाडून घेऊन आला,
दोन वर्षांनी धाकटा, रंगनाथ, दोनशे तेराचे.
बोलणं नव्हतं दोघांत,
बांधावरच्या बाभळीवरून, असं शिपाई सांगायचा.
म्हणून थोरल्याचा रस्ता बांधाशी येऊन थांबला
आणि धाकट्याचा
चाळीस फूट सरकून, तोंड फिरवून सुरू झाला.
साहेबांनी विचारलं नाही.
मीही रेघ पुढे नेली नाही.
कागदावर अर्धा इंचसुद्धा नव्हती.

माझं माहेर तिवंध्याचं.
एका बोळात गाय आडवी, दुसऱ्यात कुणाचा मांडव,
तर तिसऱ्यातून, नाहीतर कुणाच्या परसातून
'येऊ का हो' म्हणत दहीपुलावर निघायचं.
समोरासमोर दोन सायकली आल्या
की एकानं उतरायचं, इतकं अरुंद.
पण कुठली गल्ली स्वतःतच संपली,
असं आठवत नाही.

मुलगा मोबाइलवर नवी हद्द दाखवतो,
विल्होळीकडे, मखमलाबादकडे.
छाटणीनंतरच्या वेलीसारखे रस्ते:
एक खोड, आणि काड्या,
एकीचं टोक दुसरीला लागत नाही.
बाभूळ केव्हाच तुटली.
गांगुर्डेही गेले, दोघेही.
त्यांचा अबोला तेवढा चारशे घरं पाळतात,
पेट्रोल घालून.

गेल्या वर्षी भिंतीला भोक पडलं.
आधी मांजराएवढं,
मग दप्तरासकट पोर जाईल एवढं,
आणि एका दुपारी हेमलताच आली,
पदराला सिमेंट, हातात आमटीची वाटी,
वरची वाफ तशीच.

सोसायटीनं बुजवलं. पुन्हा पडलं. बुजवलं.
मी कपाटातला जुना ट्रेसिंग पेपर काढून पाहिला,
पेन्सिल हातात घेतली,
ठेवून दिली.

काल तिसऱ्यांदा लिंपलंय.
ओलं आहे अजून.
पलीकडून कुणीतरी
काडीनं टोकरून पाहतंय.