आधीचा आकडा

नळीत पिवळं यायला हवं.
तुरीच्या फुलाइतकं नाही, त्याहून फिकं,
लिंबाची साल पाण्यात पिळावी तसं.
जितकं लवकर येईल तितकं रक्त जागं.
यंत्र चारशे बारावर लावते, घड्याळ सोडते.
एक मिनिट. दोन.
सात नंबरच्या उंदराचं पिवळं येतच नाही.

गोमाजी पिंजरे धुतो,
त्याला यंत्र लागत नाही.
"सात नंबर परवापासून तोंड धुवून नाही राह्यला, मॅडम.
मिशा चाटनं सोडलं त्यानं."
मी वहीत लिहिते : वर्तनात घट.

दुपारी कूलरसमोर लाकडी चौकट मांडतो आम्ही,
तळाशी रेघा, पंचवीस घरं.
औषध न दिलेला उंदीर पाच मिनिटांत
अठ्ठ्याण्णव घरं ओलांडतो,
कोपरे हुंगतो, मागच्या पायांवर उभा राहतो,
जसा काही भिंतीपलीकडे आठवडी बाजार भरलाय.
सात नंबर : अकरा.
बाराव्या रेघेवर पुढचा पाय ठेवला
आणि थांबला.
ओलांडली म्हणायची का?
नियम सांगतो, चारही पाय हवेत.
मी अकराच लिहिलं.
तो एक पाय रात्री भाकर थापताना
परातीच्या काठावर दिसला.

सप्टेंबरात वॉर्डातून एक नळी आली.
चिठ्ठीवर : अंबर सिडाम, वय एकोणीस, फवारणी.
डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, म्हणे.
त्याचं पिवळं उशिरा आलं, पण आलं.
डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "कमी आहे?"
मी आकडा सांगितला.
"ते कळलं. पण कशापेक्षा कमी?"

उंदराचं आम्हाला माहीत असतं.
पहिल्या दिवशी, काही करायच्या आधी,
शेपटीतून दोन थेंब घेऊन लिहून ठेवतो
तो मुळात किती होता.
अंबरचं कोणी लिहिलं नव्हतं.
पुस्तकात एक पल्ला छापलाय, इथपासून तिथपर्यंत,
कुठल्याशा थंड गावातल्या माणसांचा.
अंबर त्याच्या आत होता.
तळाला टेकलेला, पण आत.
म्हणजे कागदावर तो ठीक होता,
आणि खाटेवर त्याची आई
पदराच्या कोरड्या टोकानं त्याची लाळ टिपत होती;
ते टोक ओलं झालं की दुसरं.

एकवीस दिवसांनी तो चालत घरी गेला.

जूनमध्ये, कपाशी दोन पानांवर असताना,
बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी त्याच्या गावी उतरले.
फवारणीवर जाणारी चाळीस पोरं बोलावली होती,
समाजमंदिराच्या ओट्यावर नऊ आली.
"मी तं बिमार नाही, मंग रगत काहून?"
"बिमार नाहीस म्हणूनच."
"अजबच हाय बाप्पा! दुखन्याच्या आंधीच तपासनी."
पण त्यानं हात पुढे केला,
आणि सुई टोचताना दुसरीकडे पाहिलं,
कोतवालाच्या बकरीकडे.

अंबर सगळ्यात मागे.
सदऱ्याची गुंडी सोडवायला त्याला वेळ लागला,
बोटं जराशी कापत होती, त्याच्या लक्षात नव्हतं.
बाही वर सारत म्हणाला,
"माहं आता आंधीचं कुठं राह्यलं, मॅडम?
माहं तं नंतरचंच घ्या."

नळीत रक्त भरलं. लाल. सगळ्यांचं असतं तसंच.
माझ्या तक्त्यात रकाने दोनच होते,
आधी आणि नंतर,
मधे पट्टीनं ओढलेली रेघ.
त्याचं नाव मी त्या रेघेवर लिहिलं.

चारची गाडी अजून आली नव्हती.
डब्यातला बर्फ अर्धा पाणी झालेला.
नवव्या पोराची नळी तिरपी झाली होती,
ती सरळ केली,
आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून
फाट्यावर उभी राहिले.